शून्य सावलीच्या दिवशी

पहाटे ५:४०

पर्वतीवर पहाटे येणारे बहुतेक लोक पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात. मी पश्चिमेकडे बघत असते. सूर्य उगवायला पंधरा-वीस मिनिटं असताना सिंहगडाच्या उजव्या अंगाला, अगदी क्षितिजालगत, एक करडा-निळा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. शहराचा धूर असेल असं समजून लोक तो सोडून देतात. ती पृथ्वीची सावली असते. सूर्य अजून क्षितिजाखाली आहे; समोरच्या हवेच्या वरच्या थरांपर्यंत त्याचे किरण पोचलेत म्हणून तिथे गुलाबी, खालच्या थरांच्या आड पृथ्वी आली आहे म्हणून तिथे निळा. सूर्य जसा वर येतो तसा हा पट्टा खाली सरकतो आणि सूर्योदयाला क्षितिजात विरून जातो. मे महिन्यात हवेत धूळ असते, रंग डिसेंबरसारखे नितळ नसतात. पण आज वारा होता आणि पट्ट्याची वरची कड स्पष्ट ओळखू येत होती. सबंध दिवसात दिसणारी ही सगळ्यात मोठी सावली, आणि तीसुद्धा काळी नाही.

मी मुलांना चित्रकला शिकवते, उरलेल्या वेळात पुस्तकांसाठी चित्रं काढते. दोन्ही कामांत दिवसभर एकच प्रश्न हाताशी असतो: जिथे ऊन पोचत नाही तिथलं आपल्याला जे दिसतं, ते कुठल्या उजेडात? तो विचारायला आजचा दिवस फार चांगला आहे. १३ मे. दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येणार आहे.

६:३०

सूर्य सहा वाजून दोन मिनिटांनी उगवला, आणि तो पूर्वेला उगवला नाही. पूर्वेपासून चांगला वीस अंश उत्तरेकडे सरकून उगवला. यावेळी तो क्षितिजापासून साडेपाच अंशच वर असतो, त्यामुळे सपाट जमिनीवर माणसाची सावली त्याच्या उंचीच्या दहापट लांब पडते. माझी सावली पायऱ्या सोडून टेकडीच्या वाळक्या गवतावर गेली होती.

त्या सावलीच्या डोक्याभोवतीचं गवत बाकीच्या गवतापेक्षा उजळ दिसतं. ऊन पाठीमागून ज्या दिशेने जातं त्याच दिशेने आपण बघत असतो, म्हणून प्रत्येक काडीची सावली त्या काडीच्याच मागे लपते आणि डोळ्यांना फक्त उन्हातल्या बाजू दिसतात. नजर जराशी बाजूला गेली की काड्यांमधल्या सावल्या उघड्या पडतात आणि गवत मंदावतं. दवाच्या गवतावर हे तेज आणखी वाढतं. सोळाव्या शतकातला इटालियन शिल्पकार बेन्व्हेनुटो चेलिनी याने आपल्या आत्मचरित्रात हे तेज नोंदवलं आहे. तो त्याला आपल्यावरच्या कृपेची खूण मानत होता. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांना मी म्हटलं, “तुमच्या सावलीच्या डोक्याकडे बघा जरा.” त्यांनी बघितलं, डोकं डावीकडे-उजवीकडे हलवून बघितलं, आणि मग खालच्या पायरीवरच्या मित्राला हाक मारली. त्या मित्राला आजोबांच्या डोक्याभोवती काहीच दिसेना, स्वतःच्या मात्र दिसलं. प्रत्येकाचं तेज ज्याचं त्याला.

७:१५

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे आणि आत्ता ओट्यावर ऊन आहे. चित्रकलेच्या जुन्या युरोपीय पुस्तकांत लिहिलेलं असतं की चित्रकाराची खिडकी उत्तरेला हवी, कारण तिथून थेट ऊन कधीच आत येत नाही. ते त्यांच्या अक्षांशांवर बऱ्याच अंशी चालतं. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत उत्तरेच्याच बाजूला असतो. दक्षिणेच्या भिंतीवर या काळात दिवसभरात ऊन येतच नाही. माझ्या कामाच्या टेबलापुढे मी या दिवसांत धोतराचं पान बांधते.

शेजारच्या काकूंना हे कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत आहे. त्यांची गॅलरी दक्षिणेला. मार्चमध्ये त्यांनी तिथेच सांडगे वाळवले. आता कुरडयांचं ताट घेऊन त्या गच्चीवर निघाल्या होत्या. “गॅलरीत आता आषाढ सरेपर्यंत ऊन नाही यायचं,” त्या म्हणाल्या.

चहा स्टीलच्या पेल्यात घेतला. तिरपं ऊन पेल्याच्या आतल्या गोल कडेवर पडलं की चहाच्या पृष्ठभागावर दोन उजळ कमानी उमटतात आणि मध्ये एका टोकात मिळतात. कडेवरून परतणारे किरण जिथे दाटीने एकमेकांजवळून जातात, तिथे ही रेघ तयार होते. सतराव्या शतकात ख्रिस्तियान हायगेन्सने तिचं गणित मांडलं. ती बघण्यासाठी मी दूध कमी घालत नाही. उलट दूध असलं तरच ती नीट दिसते, काळ्या चहात उजेड आत निघून जातो.

९:००

वर्ग पेठेतल्या एका जुन्या वाड्यात भरतो. सुट्टीचे दिवस, आठ ते बारा वर्षांची मुलं. पहिल्या दिवशीच मी सगळ्यांच्या पेटीतल्या काळ्या रंगाच्या ट्यूबा काढून घेते आणि शेवटच्या दिवशी परत देते. कारण मुलाला झाड काढायला सांगा, हिरवं झाड होतं आणि त्याच्याखाली काळा डाग होतो. तो डाग त्याने बघितलेला नसतो, त्याला तसं सांगितलेलं असतं.

९:२० ला आम्ही परसात गेलो. आज या वेळी ऊन ४५ अंशांनी पडतं, म्हणजे प्रत्येक वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी. मुलांनी एकमेकांच्या सावल्या खडूने आखल्या, टेपने मोजल्या आणि मग माणूस मोजला. नंतर कुणालातरी सुचलं की शेवग्याचं झाडही असंच मोजता येईल, आणि सगळे तिकडे धावले. झाडावर न चढता झाडाची उंची कळते, हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी मी हा वर्ग घेते.

मग खरं काम. परसात एक पांढरी चादर अंथरली, तिच्यावर पाण्याची कळशी ठेवली. प्रत्येकाला वर्तमानपत्राची एक पुंगळी करून दिली. एक डोळा मिटायचा, पुंगळीतून फक्त सावली बघायची, बाकी काही दिसू द्यायचं नाही, आणि रंग सांगायचा. उघड्या डोळ्यांना सगळ्यांनी ‘राखाडी’ सांगितलं होतं. पुंगळीतून पहिलं उत्तर आलं, “निळी आहे ताई.” दुसरी म्हणाली, “जांभळट.” भिंतीजवळ बसलेला एक मुलगा म्हणाला, “माझी लाल आहे,” आणि बाकीचे त्याला हसू लागले. मी सगळ्यांना त्याच्या जागेवर पाठवलं. परसाची ती भिंत उघड्या विटांची आहे. तिच्यावर ऊन होतं आणि तिचा तांबूस उजेड सावलीच्या त्या टोकावर पडत होता. त्याची खरोखरच लाल होती.

निळी का, हे मग त्यांनीच शोधलं. चादरीवरच्या त्या तुकड्याला सूर्य दिसत नाही, मग काय दिसतं? एका मुलीने सरळ कळशीमागे डोकं टेकवलं, सावलीच्या जागी डोळा नेला आणि वर बघून सांगितलं, “आकाश दिसतंय. आणि भिंत. आणि तुम्ही.” याहून नेमकं उत्तर मला देता आलं नसतं. सावलीतल्या जागेला जे जे दिसतं ते ते तिला उजेड पाठवत असतं. उघड्या डोळ्यांना तो रंग दिसत नाही, कारण शेजारच्या झगझगीत चादरीशी तुलना करून डोळा सावलीला ‘कमी पांढरं’ ठरवून मोकळा होतो. पुंगळी ती तुलना तोडते, एवढंच. लिओनार्दो दा विंचीने पांढऱ्या भिंतीवरच्या निळ्या सावल्या आपल्या वहीत नोंदवून ठेवल्या होत्या. आमच्या मुलांनी त्या वर्तमानपत्रातून पाहिल्या. मग तासभर चित्रं. निळा, तांबूस, एका ठिकाणी कळशीच्या पितळेचा पिवळा कवडसा. कुणी काळी ट्यूब मागितली नाही.

११:१५

मुलं खाऊ खायला बसली तेव्हा मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. वाटेतल्या पिंपळाखाली रस्त्यावर गोल गोल कवडसे पडले होते. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी कवडसे गोलच, कारण त्यातला प्रत्येक सूर्याचं चित्र असतो. फटीपासून जमीन जितकी लांब त्याच्या साधारण १०८ वा भाग इतकं हे चित्र मोठं: सहा मीटर उंचीवरच्या फटीतून साडेपाच सेंटिमीटरचं. चौकोनी फटीतून गोल उजेड का पडतो, हा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या ग्रंथात आहे. २१ जून २०२० च्या खंडग्रास ग्रहणात ढग जिथे विरळ होते तिथे झाडांखालचे हे सगळे गोल एकदम चंद्रकोरीसारखे झाले होते.

पिंपळाच्या पुढे विजेची तार गल्ली ओलांडते. तारेवर कावळा बसला होता. रस्त्यावर कावळ्याची सावली होती, तारेची जवळजवळ नव्हती. कावळा अधांतरी बसलेला दिसत होता. सूर्य हा ठिपका नाही, त्याला अर्ध्या अंशाची रुंदी आहे. त्यामुळे वस्तू जमिनीपासून जितकी उंच तितकी तिच्या सावलीची कड पसरते, दर मीटरला जवळजवळ एक सेंटिमीटर. सात मीटरवरच्या बोटभर तारेची सावली त्या पसरण्यातच फिकी होऊन जाते. कावळा रुंद, म्हणून तो उरतो. चित्रात मुलं सगळ्या सावल्यांना सारखीच धारदार कड देतात. उद्या त्यांना या तारेखाली आणणार.

१२:१०

आता घाई. परसात फरशीवर पांढरा कागद, त्यावर तीन काठ्यांच्या तिकाटण्याला गवंड्याचा ओळंबा टांगलेला. काठी सरळ उभी आहे की नाही यावर भांडणं होतात, ओळंब्याच्या दोरीशी कुणी भांडू शकत नाही. जवळच स्टीलचे पेले, एक बाटली, एकीचा कंपास. दोरीची सावली मुलं दर दोन मिनिटांनी पेन्सिलीने आखत होती. मीटरभर दोरीची सावली बारा वाजता साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास असते आणि मिनिटाला चारेक मिलिमीटरने आत येते. डोळ्यांदेखत आक्रसते. मुलं नेहमी गलका करतात, पण १२:२५ नंतर कुणी बोलत नव्हतं.

१२:३१ ला दोरीची सावली ओळंब्याच्या सावलीत गेली. बाटलीभोवती काही नाही, पेल्याभोवती काही नाही. मुलं जागच्या जागी उड्या मारू लागली, कारण उडी मारली की सावली पायांखालून दिसते. एकाने एक पाय उचलला आणि ओरडला, “इथे लपलीय!”

पूर्वीचे लोक हे सगळं बारा अंगुळांच्या शंकूने मोजत. विषुवदिनी मध्यान्हीला त्या शंकूची जी सावली पडते तिला पलभा म्हणतात, आणि प्रत्येक गावाची पलभा वेगळी. पुण्याची जवळजवळ बरोब्बर चार अंगुळं. म्हणजे बारा आणि चार या दोन आकड्यांत पुण्याचा अक्षांश सामावलेला आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’त छायाव्यवहार नावाचं वेगळं प्रकरण आहे, त्यात दिव्याची उंची, शंकू आणि त्याची सावली यांची गणितं आहेत. मुलांना मी इतकंच सांगितलं की चाळीसगावजवळच्या पाटण्यात या आचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख आहे. ‘सावलीचं गणित शिकवायला शाळा?’ असं एका मुलीने विचारलं. हो, तेही.

वाड्याच्या मालकीणबाई, सगळे त्यांना आजी म्हणतात, त्यांनी मग आडावरची जाळी काढायला सांगितली. एरवी आडात डोकावलं तर काळोख. आज ऊन सरळ तळाच्या पाण्यापर्यंत उतरलं होतं; दगडांच्या फटींत वाढलेलं नेच्याचं एक-एक पान वेगळं दिसत होतं, आणि एक जुनी बादलीसुद्धा. मुलांना पाळीपाळीने बाजूने बघू दिलं, मधोमध वाकू दिलं नाही, कारण पाण्यात प्रतिबिंबित सूर्यही डोळ्यांना इजा करतो. इजिप्तमधल्या सायीनी गावच्या विहिरीची अशीच गोष्ट एराटोस्थेनिसशी जोडलेली आहे. तिथे सूर्य माथ्यावर येतो त्या दिवशी अलेक्झांड्रियात सावली किती पडते, हे मोजून इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात त्याने पृथ्वीचा घेर काढला.

मला या वेळी आणखी एक गोष्ट बघायची असते, ती म्हणजे चेहरे. डोक्यावरच्या उन्हात डोळे खोबणीत जातात, नाकाची सावली ओठांवर येते. पण हनुवटीची खालची बाजू, जी अंधारात असायला हवी, ती उजळते. शहाबादी फरशीवर उभ्या असलेल्या मुलीची हनुवटी करडी-हिरवट होती. तुळशीवृंदावनाच्या गेरूजवळ उभ्या मुलाची तांबूस. जमीन खालून उजेड टाकत होती. मी दोघांना हलू नका म्हटलं आणि पटापट दोन अभ्यासचित्रं करून घेतली. दिवसाची कमाई म्हणायची तर ती हीच.

२:४५

मुलं गेली. माडीवरच्या खोलीची दारं-खिडक्या उन्हासाठी लावून घेतलेली. खिडकीच्या फळीत एक गाठ निघून गेलेलं भोक आहे, त्यातून समोरच्या भिंतीवर गल्लीचं चित्र पडतं, उलटं. समोरच्या घराचा सज्जा खाली, रस्ता वर, आणि रस्त्यावरून जाणारी स्कूटर छताजवळून विरुद्ध दिशेने जाते. जुन्या घरांत सुट्टीतल्या दुपारी झोपवलेल्या मुलांनी हे हमखास पाहिलेलं असतं. आवाज खाली, माणूस वर. कौलांच्या फटीतून आलेला एक कवडसा जमिनीवर होता. मी त्याच्या कडेला पेन्सिलीने खूण केली आणि कामाला बसले. एका पुस्तकासाठी ओसरीवर धान्य निवडणाऱ्या बाईचं चित्र हवं होतं. मघाची हनुवटी तिथे कामी आली: सुपातल्या तांदळाचा पांढरा उजेड तिच्या गळ्यावर आणला आणि बाई एकदम ओसरीवर बसली, तोवर ती कागदावर चिकटवल्यासारखी होती. मान वर केली तेव्हा कवडसा खूण ओलांडून वीतभर पुढे गेलेला.

७:०५

सूर्य सातला मावळला. दिवेलागणीची ही दहा-पंधरा मिनिटं मी कुणालाही देत नाही. खिडकीपाशी पांढरा कागद, त्यावर उभी पेन्सिल, एका बाजूला खिडकीतलं आकाश, दुसऱ्या बाजूला निरांजन. पेन्सिलीला दोन सावल्या पडतात. निरांजनाने पाडलेल्या सावलीत फक्त आकाशाचा उजेड पोचतो, ती निळी दिसते. आकाशाने पाडलेल्या सावलीत फक्त ज्योतीचा उजेड, ती नारिंगी. आकाश जास्त उजळ असताना ज्योतीची सावली दिसतच नाही. अंधार पडला की दुसरी नाहीशी होते. दोन्ही उजेड सारख्या तोलाचे होतात तेव्हाच दोन्ही रंग दिसतात. ग्योटेने १८१० च्या आपल्या रंगविषयक ग्रंथात मेणबत्ती आणि संधिप्रकाश घेऊन हाच प्रयोग वर्णन केला आहे, आणि त्या निळेपणात आपल्या डोळ्याचाही वाटा आहे हे त्याने ओळखलं होतं.

निरांजन उचललं की मला सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर आठवतात. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ज्योतीआड धरलेल्या तळहाताची बोटं लाल उजळलेली, चेहऱ्यावर खालून आलेला उजेड. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. म्हणजे त्या चित्रातली सगळ्यात उजळ जागा चित्रकाराने रंगवलेलीच नाही. तिच्या भोवतीची प्रत्येक सावली किती गडद आणि कुठल्या रंगाची, हे ठरवून त्याने ती पेटवली. माझ्या वर्गातल्या मुलांना ते चित्र मी छापील कागदावर दाखवते आणि त्यात काळं कुठे आहे ते शोधायला लावते.

९:१५

जेवणानंतर उद्याची तयारी. उद्या ट्यूबलाइटखाली करायचा खेळ: टेबलाजवळ पेन्सिल ट्यूबला समांतर धरली की रेखीव सावली, आडवी फिरवली की सावली पार विरते. पेन्सिल तीच, दिवा तोच. मुलांना कारण सांगणार नाही, दिव्याची लांबी त्यांच्या लक्षात यायला हवी.

फोनवर एका विद्यार्थिनीच्या आईचा निरोप होता. उद्या रात्रीच्या गाडीने दोघी नागपूरला आजोळी चालल्या आहेत, मुलीला तिथेही ‘सावली घालवायची’ आहे, तर दिवस कोणता? सूर्य माथ्यावर येण्याची जागा या दिवसांत रोज सुमारे पंचवीस किलोमीटर उत्तरेकडे सरकते. कोल्हापूर आठवड्यापूर्वीच होऊन गेलं, मुंबईचा नंबर १५-१६ मेला, नाशिकचा २० च्या आसपास. मी उत्तर लिहिलं: नागपूरला २६ मे, दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास. पुण्याच्या वीस मिनिटं आधी, कारण नागपूर पूर्वेला आहे. ओळंबा मामांकडून मागून घ्या, नसला तर दोरीला कुलूप बांधलं तरी चालेल. पावणेबारापासून खुणा करायला लागा. फोटो काढू नका, कागदच घेऊन या, पेन्सिलीच्या खुणांसकट, आणि प्रत्येक खुणेशेजारी तिने स्वतः वेळ लिहायची.